नगरची कृपाबाई : धर्म बापाचा, गोष्ट आईची

दौतलेखणी

मंडळी, एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रातल्या लेखिका सांगा म्हटलं की आपल्या तोंडी ठरलेली माळ येते. ताराबाई शिंदे, पंडिता रमाबाई, काशीबाई कानिटकर, जरा पुढच्या लक्ष्मीबाई टिळक. कृपाबाई सत्यनाथन त्यात कुठेच नसतात. त्या इंग्रजीत लिहायच्या, लिहित्या झाल्या मद्रास इलाख्यात आणि सासरचं आडनाव तमिळ. पण जन्म नगरचा, माहेरचं आडनाव खिस्ती. वडील हरिपंत आणि आई राधाबाई हे अमेरिकन मराठी मिशनच्या सुरुवातीच्या ब्राह्मण धर्मांतरितांपैकी. कृपाबाई १८६२मध्ये जन्मल्या आणि १८९४मध्ये गेल्या. तेवढ्यात वैद्यकीचं अर्धवट राहिलेलं शिक्षण, मुलींसाठी काढलेली शाळा, तान्ह्या बाळाचा मृत्यू, क्षय आणि दोन कादंबऱ्या, 'सगुणा' आणि 'कमला'.

धागा काढायचं कारण असं, की कृपाबाईंविषयी बोलताना लोक त्यांची श्रद्धा आणि लेखन एकाच खुंटीला टांगतात, आणि ती खुंटी म्हणजे वडील. धर्मासाठी घरदार सोडणारा ब्राह्मण, त्याची भक्त मुलगी, मुलीच्या पुस्तकांत बापाची शिकवण. श्रद्धेपुरतं हे खरं असेल. कादंबरीपुरतं मला पटत नाही. माझ्या मते कृपाबाईंमधली कादंबरीकार राधाबाईंनी घडवली.

'सगुणा' आत्मचरित्रात्मक आहे हे सगळेच सांगतात. पण ती सुरू कशी होते? सगुणाच्या जन्माच्या कितीतरी आधी, तिच्या आईपासून. कादंबरीतही आईचं नाव राधाच ठेवलंय. लहानपणी झालेलं लग्न, सासरचं मोठं खटलं, सोवळंओवळं, कुलाचार, आणि मग एके दिवशी नवऱ्याच्या डोक्यात शिरलेला परका धर्म. राधेला काही तो नको असतो. नवरा बाटला म्हणजे आपलंही सगळं गेलं, एवढंच तिला कळतं. ती त्याच्याबरोबर जाते ती नाइलाजानं, आणि मनानं जुन्याच घरात राहते. तिचा विश्वास बदलतो तो सावकाश, आणि शास्त्रार्थानं तर नाहीच. त्या माणसाचं रोजचं वागणं बघून बदलतो.

आता हे सगळं कृपाबाईंना ठाऊक असायला त्या तिथे नव्हत्या. वडील लहानपणीच गेले. म्हणजे हा भाग त्यांच्यापर्यंत आला तो आईच्या तोंडून किंवा वडीलधाऱ्या भावंडांकडून. आपली गोष्ट सांगायला बसलेली लेखिका पहिली पानं आईच्या सासुरवासाला आणि आईच्या नकाराला देते, यात मला तिची लेखक म्हणून जात दिसते. धर्म सोडणाऱ्याची गोष्ट सांगणारे पुष्कळ होते. त्याच्यामागून फरफटत गेलेल्या बायकोची गोष्ट तेव्हा कोण सांगत होतं?

तुम्हाला काय वाटतं?

---

पानगळ

वाचनखूण साठवली. आयुष्याचा तपशील जरा सविस्तर टाकाल का? मला फक्त 'इंग्रजीत लिहिणारी पहिली भारतीय कादंबरीकार' एवढंच माहीत होतं.

---

दौतलेखणी

@पानगळ, जमेल तेवढं लिहिते.

वडिलांनंतर आई आणि थोरला भाऊ भास्कर यांनी वाढवलं. भास्कर वयानं बराच मोठा. बहिणीला पुस्तकं आणून द्यायचा, तिच्याशी बरोबरीनं वाद घालायचा. 'सगुणा'त त्याला स्वतःच्याच नावानं ठेवलाय. तोही तरुणपणी गेला. त्या धक्क्यानं कृपाबाई इतक्या खचल्या की त्यांना मुंबईला दोन युरोपियन मिशनरी बायांकडे ठेवलं, आणि नंतर तिथल्याच बोर्डिंगच्या शाळेत. शाळेत एका अमेरिकन डॉक्टरीणबाईंमुळे वैद्यकीची ओढ लागली. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला दाखवत नाहीत, तेव्हा आपण डॉक्टर व्हायचं. इंग्लंडला जाऊन शिकण्यासाठी शिष्यवृत्तीही मिळाली होती, पण प्रकृती पाहून जाऊ दिलं नाही.

मग मद्रास. तिथल्या मेडिकल कॉलेजनं १८७५मध्ये पहिल्या चार विद्यार्थिनी घेतल्या होत्या, कृपाबाई १८७८मध्ये दाखल झाल्या. राहायची सोय रेव्हरंड डब्ल्यू. टी. सत्यनाथन यांच्या घरी. वर्षभर उत्तम अभ्यास, आणि मग शरीरानं दगा दिला. बहिणीकडे पुण्याला परत. तिथून पुन्हा मद्रास, पण वैद्यकी सुटली ती सुटलीच. रेव्हरंडांचा मुलगा सॅम्युएल केंब्रिजला शिकून आला होता. त्याच्याशी लग्न झालं.

नवऱ्याला उटकमंडला (ऊटीला) ब्रीक्स मेमोरियल शाळेत हेडमास्तरची नोकरी लागली. डोंगरावरची हवा मानवली असावी, कारण तिथे कृपाबाईंनी मुसलमान मुलींसाठी शाळा काढली आणि नियतकालिकांतून लिहायला लागल्या. सही फक्त 'एक भारतीय स्त्री'. तिथून राजमहेंद्री, कुंभकोणम, आणि १८८६मध्ये कायमचं मद्रास. 'सगुणा' १८८७-८८मध्ये 'मद्रास ख्रिश्चन कॉलेज मॅगझीन'मध्ये क्रमशः आली.

---

तिरकस

थोडक्यात, मिशनच्या वळचणीला वाढलेली बाई, मिशनच्या कॉलेजच्या मासिकात, मिशनला हवं तेच लिहिणार. बालविवाह, सासू, विधवा. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'पासून (१८५७) हाच माल चालू आहे. यात 'प्रेरणा' शोधायला कशाला हवी? प्रेरणा पगारपत्रकावर असते.

---

जुनी_बखर

@तिरकस, तुम्हीच 'यमुनापर्यटन' काढलंत ते बरं झालं. दोन्ही शेजारी ठेवून बघा.

पदमनजींची यमुना मनानं आधीच ख्रिस्ती आहे. नवऱ्याबरोबर फिरते, ठिकठिकाणी विधवांचे हाल पाहते, पुढे स्वतः विधवा होते. शेवटी बाप्तिस्मा घेते आणि ख्रिस्ती माणसाशी पुनर्विवाह करते. म्हणजे सवाल आणि जवाब दोन्ही पुस्तकातच. मिशनला हवी असलेली कादंबरी ही अशी असते. (तरी पदमनजींना कमी लेखू नका. विधवांच्या हालांची ती पानं अजून अंगावर येतात.)

आता कृपाबाईंची 'कमला'. ब्राह्मण मुलगी, बाप नारायण विरक्त, डोंगरात एकांतात राहणारा. आईविना मोकळ्या हवेत वाढलेली पोर एकदम सासरच्या घरात येऊन पडते. नवरा गणेश शिकलेला. त्याला हौस येते की बायकोला वाचायला शिकवावं, आणि घरच्या बायका ती हौस मोडून काढतात. पुढे तो साई नावाच्या बाईच्या नादी लागतो. कमला वैधव्य पाहते, मूल गमावते. आणि अगदी शेवटी रामचंदर, जो तिच्यावर खरं प्रेम करतो, तो लग्नाचं विचारतो. ती नाही म्हणते. बाप्तिस्मा नाही, पुनर्विवाह नाही. उरलेलं आयुष्य ती दुःखी बायकांच्या मदतीत घालवते.

मिशनरी वाचकाला हा शेवट गोड कसा लागावा? सगळी तयारी झालेली असताना लेखिकेनं दार उघडलंच नाही.

---

तिरकस

शेवट माहीत नव्हता. पण मग हे तर उलटंच झालं, सुधारकांच्याही विरुद्ध. पुनर्विवाहाचा कायदा १८५६मध्ये झाला, आणि बाई १८९४मध्ये नायिकेला पुन्हा पांढऱ्या लुगड्यात बसवते?

---

नगरकरीण

मी नगरची, ख्रिस्ती, आणि आमच्या घरात 'सगुणा' वाचणारी पहिली. आमच्या मंडळीत लक्ष्मीबाईंचे पती ना. वा. टिळक यांची भजनं सगळ्यांना पाठ. कृपाबाईंचं नाव उपासनेत नाही की कार्यक्रमात नाही, मला ते कॉलेजात कळलं. त्यामुळे थोडं लांब लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

बाहेरून बघणाऱ्याला 'मिशन' हा एकच डोंगर दिसतो. आतून तसं नसतं. अमेरिकन मिशन नगरला आलं १८३१मध्ये. मिशनचं 'ज्ञानोदय' हे नियतकालिक इथेच सुरू झालं, १८४२मध्ये. मिस फॅरार यांच्या इथल्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांनी धडा घेतला, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे कृपाबाई जन्मल्या तेव्हा इथे ख्रिस्ती होऊन एक पिढी उलटली होती. हरिपंतांनी धर्म निवडला, त्यासाठी किंमत मोजली. कृपाबाईंना तो जन्मतःच मिळाला. त्यांना निवडायचं काही नव्हतं, आणि म्हणून प्रश्नही वेगळे. आपण ख्रिस्ती आहोत, मग आपण कोण? गल्लीतल्या ब्राह्मण मुलींसाठी बाटगे. मडमेच्या बंगल्यात 'नेटिव्ह'. शिकलेल्या इंग्रजाळलेल्या ख्रिस्ती मुलींच्या घोळक्यात गावंढळ. 'सगुणा'त या तिन्ही ठिकाणचे टोमणे आहेत, आणि मला विचाराल तर पुस्तकाचा खरा जीव तिथेच आहे.

मुंबईतल्या मिशनरी बायांविषयी कृपाबाई साखर पेरून लिहीत नाहीत. त्यांचं प्रेम आहे, कळकळ आहे, पण एतद्देशीय ख्रिस्ती म्हणजे एक पायरी खालचे हा भाव सगुणाला लगेच उमगतो, आणि ती तो मुकाट गिळत नाही. साहेबी पोशाख करून आपल्याच माणसांकडे नाक मुरडणाऱ्या ख्रिस्ती लोकांनाही ती सोडत नाही. @तिरकस, हे पगारपत्रकावर बसत नाही हो.

आणि श्रद्धा? ती पुस्तकभर आहे, पण उपदेशकाच्या व्यासपीठावरून बोलत नाही. मला ती भास्करच्या मृत्यूत दिसते. जो भाऊ तिला विचार करायला शिकवतो, तोच जातो. माणूस गेल्यावर आमच्याकडे 'प्रभूजवळ गेला' म्हणतात, आणि ते म्हणताना आवाज फुटतो. तसा फुटलेला आवाज त्या पानांत आहे. सगुणाला देवाचा राग येत नाही असं नाही. ती त्याच्याशी बोलणं थांबवत नाही, इतकंच.

राधाबाईंबद्दल दौतलेखणीताईंना अनुमोदन, पण एक भर घालते. 'सगुणा'तली राधा ख्रिस्ती झाल्यावरही मुलीच्या शिकण्याच्या विरोधात असते. मुलीची शाळा चुलीपाशी, कितीही शिकली तरी शेवटी चुलीपुढेच यायचं, असं ती ऐकवते. देव बदलला तरी आईची चूल काही हलली नाही. आणि कृपाबाई यावर चिडत नाहीत, हे मला फार आवडतं. आईला तशीच उभी करतात.

---

घाटमाथा

@पानगळ, 'पहिली' हा शब्द जरा जपून वापरायला हवा. तोरू दत्त यांची 'बियांका' ही अपुरी इंग्रजी कादंबरी त्यांच्या मृत्यूनंतर १८७८मध्ये बंगालमधल्या मासिकात छापली गेली. शिवाय त्यांची एक पूर्ण कादंबरी फ्रेंचमध्ये आहे. त्याही ख्रिस्ती घरातल्या, दत्त कुटुंबानं धर्म बदलला तो कृपाबाई जन्मल्या त्याच साली, १८६२मध्ये. आणि त्याही एकविसाव्या वर्षी क्षयानंच गेल्या. ऑक्सफर्डनं १९९८मध्ये चांदनी लोकुगे यांच्या संपादनात 'सगुणा' पुन्हा काढली तेव्हा मुखपृष्ठावर 'भारतीय स्त्रीनं इंग्रजीत लिहिलेली पहिली आत्मचरित्रात्मक कादंबरी' असं घातलं. तेवढं विशेषण लावलं की दावा टिकतो.

पण मला 'पहिली कोण' यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं कुतूहल आहे. दोघीही घरातल्या दुहेरी भाषेतून लिहित्या झाल्या. कृपाबाईंची मातृभाषा मराठी, नवऱ्याची तमिळ. दोघांना बरोबरीनं येणारी भाषा इंग्रजी. तेव्हा 'इंग्रजीत का लिहिलं' हा प्रश्न साहेबाच्या कौतुकापेक्षा घरातल्या बोलण्याशी जास्त जोडलेला असावा, असा माझा अंदाज. मद्रासेत मराठीत लिहून वाचणार कोण होतं?

अवांतर: दोन्ही कादंबऱ्या तमिळमध्ये १८९६मध्येच आल्या. सासरच्या भाषेनं ती हयगय केली नाही.

---

पानगळ

दौतलेखणी, नगरकरीण, घाटमाथा, तिघांनाही धन्यवाद.

वाचताना लक्ष्मीबाई टिळक सारख्या आठवत होत्या. टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि १९००मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवरा आधी जातो, बायको रडून भांडून, आपल्या चालीनं, आपल्या कारणांनी मागून येते. राधाबाईंची कथा हीच नाही का, दोन पिढ्या आधीची? लक्ष्मीबाईंनी ती स्वतः सांगितली, राधाबाईंची मुलीनं सांगितली. आणि दोन्ही वेळा शास्त्रातल्या वचनानं मन फिरलं नाही. लक्ष्मीबाईंचा विटाळ सुटला तो जातीभेदावर स्वतः विचार करून.

फरक हा की 'स्मृतिचित्रे'त आपण हसतो. 'सगुणा'त विनोद आहे का?

---

नगरकरीण

@पानगळ, आहे, पण कोरडा. कोपऱ्यात बसून सगळ्यांचं वागणं टिपणाऱ्या मुलीचा. लक्ष्मीबाई स्वतःवर हसतात. सगुणा बहुतेक वेळा दुसऱ्यांवर हसते, विशेषतः तिला शहाणपण शिकवायला आलेल्यांवर.

---

सुपारीफोड

फक्त आकडे जुळवतोय. पंडिता रमाबाई १८५८, कृपाबाई १८६२, रखमाबाई १८६४, आनंदीबाई जोशी १८६५. सात वर्षांच्या आत चौघी, आणि चौघींच्या आयुष्यात वैद्यकी डोकावते. आनंदीबाई आणि रखमाबाई डॉक्टर झाल्या, कृपाबाई अर्ध्यावरून परतल्या, रमाबाई इंग्लंडला गेल्या त्यातही वैद्यकीचा विचार होता, ऐकू कमी येत असल्यानं तो सोडावा लागला.

चालू द्या.

---

दौतलेखणी

@सुपारीफोड, छान जुळवणी. यावरूनच 'कमला'कडे येते, कारण ती राहिलेल्या इच्छांची कादंबरी आहे.

मद्रासेत कृपाबाईंना एक मूल झालं, आणि वर्षाचं व्हायच्या आत गेलं. त्यांचं मन पार मोडलं. उपचारासाठी मुंबईला नेलं, तिथे क्षयाचं निदान झालं. त्या काळी त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. सासूबाई अ‍ॅना सत्यनाथन १८९०मध्ये गेल्या, सासरे १८९२मध्ये. कृपाबाईंनी त्या दोघांच्या आठवणी लिहून काढल्या आणि मग 'कमला' हातात घेतली. अंथरुणावर पडून, ताप येत असताना, थांबत थांबत लिहिली. ती पुस्तक म्हणून निघाली १८९४मध्ये, त्या गेल्या त्याच वर्षी. 'सगुणा' पुस्तकरूपात त्यानंतर, १८९५मध्ये.

अशा अवस्थेत माणूस काय लिहील? मला वाटलं असतं, प्रार्थना. निदान मरणाला सामोरं जाणाऱ्या ख्रिस्ती नायिकेची गोष्ट. ते सगळं त्यांच्या हाताशी होतं, आणि मद्रासच्या वाचकांनी डोळे पुसत वाचलंही असतं. त्याऐवजी त्यांनी अशी मुलगी उभी केली जिला ख्रिस्ताचं नावही ठाऊक नाही. तिला आपलं सगळं दिलं. मूल गमावण्याचं दुःख दिलं, शिकायची अडलेली इच्छा दिली, डोंगराची ओढ दिली. फक्त आपला धर्म दिला नाही.

का? माझं उत्तर पुन्हा आईकडे जातं. कमला म्हणजे राधाच आहे, जिचा नवरा कधी ख्रिस्ती झालाच नाही. हरिपंत भेटले नसते तर आईचं काय झालं असतं, हे लेखिका शेवटपर्यंत लिहून बघते आहे. ज्या मुलीला धर्म वारशानं मिळाला, तिला तो नसलेलं आयुष्य कसं असतं हे आतून बघायचं होतं. मिशनरी बायका त्या घरांत बायबल घेऊन जायच्या आणि तासाभरानं बाहेर पडायच्या. कृपाबाई कमलाच्या घरात राहिल्या.

---

जुनी_बखर

@दौतलेखणी, वाचायला सुंदर आहे, पण एका ठिकाणी थांबवतो.

'आपला धर्म दिला नाही' हे अर्धंच खरं. कमला रामचंदरला नकार देते तिथे निवेदक गप्प बसत नाही. तिचा धर्म ओबडधोबड असला तरी शेवटी तो जिंकला, अशा अर्थाचं वाक्य येतं. 'ओबडधोबड' हा शेरा कमलाचा नाही, तिच्या शेजारचाही नाही. तो बाहेर उभ्या असलेल्या ख्रिस्ती लेखिकेचा आहे. त्या एका वाक्यात तिचं प्रेम आणि तिची वरून बघणारी नजर दोन्ही दिसतात. तुम्ही फक्त प्रेम घेतलंत.

आपल्या लेखिका आपल्याला आवडतात म्हणून त्यांना आजच्या मापाचं उदारमतवादी करायची घाई नको. कृपाबाईंना हिंदू धर्म अपुरा वाटत होता. त्यांच्या उपशीर्षकातसुद्धा एक 'एतद्देशीय ख्रिस्ती जीवनाची कथा' आणि दुसरी 'हिंदू जीवनाची कथा' अशी वाटणी आहे. दोन घरं, मध्ये भिंत.

---

नगरकरीण

जुनी_बखर, भिंत आहे हे मान्य. पण ती बाई भिंतीच्या दोन्ही बाजूंनी ऐकत होती. 'ओबडधोबड' म्हणते आणि 'जिंकला'ही म्हणते. तिला त्या विजयाचा आदर आहे. माझ्या श्रद्धेतून सांगते, हे ख्रिस्ती माणसाला कठीण जातं. समोरच्याचा देव खरा नाही असं मनापासून वाटणं, आणि त्या देवासाठी त्यानं केलेल्या त्यागापुढे मान झुकवणं, दोन्ही एकदम. गोडगोड सर्वधर्मसमभावापेक्षा मला हे जास्त प्रामाणिक वाटतं.

आणि @तिरकस यांचा पांढऱ्या लुगड्याचा मुद्दा कुणी उचलला नाही म्हणून. कमला दुसरं लग्न करत नाही हे परंपरेपुढे हरणं आहेच. पण एका बाजूनं बघा. कादंबरीभर तिच्या आयुष्याचे निर्णय बाप, सासू, नवरा घेतात. पहिल्यांदा कुणीतरी तिला विचारतं, आणि पहिल्यांदा तिचं उत्तर चालतं. ते उत्तर आपल्याला आवडलं नाही, एवढंच.

---

तिरकस

'पहिल्यांदा तिचं उत्तर चालतं' हे मान्य करतो. पण मला अजूनही वाटतं की लेखिका अडकली होती. रामचंदरशी लग्न लावलं असतं तर सुधारकी प्रचार, ख्रिस्ती केलं असतं तर मिशनरी प्रचार. सुटायला एकच वाट उरली, नायिकेनं नाही म्हणायचं. याला श्रद्धा म्हणा नाहीतर कादंबरीकाराची अडचण म्हणा.

---

घाटमाथा

@तिरकस, हे तुम्ही वाचल्याशिवाय लिहिलंत आणि तरी बरोबरच्या जवळ आलात, हे जरा अन्याय्य आहे.

फक्त 'अडकली' म्हणू नका. आधी प्रचाराची कादंबरी लिहिणाऱ्यांना ही अडचण कधी आलीच नाही, कारण त्यांची पात्रं अडत नव्हती. पात्र लेखकाचं ऐकेनासं झालं की तिथे कादंबरी सुरू होते.

---

पानगळ

सॅम्युएल यांचं पुढे काय झालं? आणि कृपाबाईंचं बाकीचं लेखन?

---

जुनी_बखर

@पानगळ, फुटकळ लेखन १८९६मध्ये एकत्र छापलं गेलं. त्यात स्त्रीशिक्षणावरचे निबंध आहेत, निलगिरीतल्या तोडा लोकांना भेटल्याचा लेख आहे. निबंध शहाण्यासुरत्या मुलीसारखे आहेत, कादंबरीतला चावा त्यांत नाही. तोडांवरचा लेख मात्र वाचा, नजर कशी तयार होत होती ते कळतं.

सॅम्युएल मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांनी १८९८मध्ये दुसरं लग्न केलं. दुसऱ्या पत्नीचं नाव कमला. त्याही लेखिका, आणि १९०१पासून 'इंडियन लेडीज मॅगझीन' त्यांनी चालवलं. सॅम्युएल १९०६मध्ये जपानमध्ये वारले. या सगळ्या घराचं लेखन युनिस डिसोझा यांनी एका खंडात आणलंय, साहित्य अकादमीनं २००५मध्ये काढलं. सासूबाई अ‍ॅना यांचंही त्यात आहे. त्या स्वतः मद्रासेत मुलींच्या शाळा चालवायच्या आणि तमिळमध्ये लिहायच्या. म्हणजे दौतलेखणींच्या 'आई' सिद्धान्ताला एक सासूही जोडावी लागेल.

---

दौतलेखणी

सासू जोडायला माझी हरकत नाही. नगरच्या अमेरिकन काँग्रिगेशनल मंडळीतून कृपाबाई मद्रासच्या अँग्लिकन घरात आल्या, तिथे त्यांना पहिल्यांदा लिहिणारी, शाळा चालवणारी, वयानं मोठी ख्रिस्ती बाई रोज दिसली. माहेरी चुलीपाशीची शाळा सांगणारी आई, सासरी पुस्तक लिहिणारी सासू. नेहमीच्या कादंबऱ्यांतल्या सासू-सुनांच्या अगदी उलट. आणि तरी 'कमला'तली सासू ती तशीच, छळणारी. म्हणजे तो अनुभव स्वतःचा नव्हता, ऐकलेला होता. बहुधा राधाबाईंचा.

जुनी_बखर यांच्या 'ओबडधोबड'वर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण मी ते वाक्य नजरेआड करणार नाही, ते माझ्या म्हणण्याच्या आड येतं हे खरंच आहे.

---

सुपारीफोड

वाचायची तर आधी कुठली? एकच आणणार आहे.

---

नगरकरीण

'सगुणा'. पहिला राधेचा भाग चुकवू नका, काही जण थेट सगुणाच्या बालपणावर उडी मारतात. भाषा जुनी आहे, निसर्गवर्णनं लांब आहेत, ती भरभर वाचली तरी चालतील. शेवटचा प्रेमाचा भाग मला स्वतःला घाईत उरकल्यासारखा वाटतो.

---

तिरकस

मी 'कमला' मागवतोय. सुपारीफोड, तुमची 'सगुणा' झाली की अदलाबदल करू. रामचंदरच्या बाजूनं बोलायला इथे कुणीच नाही, तेव्हा ते काम माझ्याकडे राहू द्या.